सांडणीच्या काखेचं माप

आबांनी गाडीचा तुटलेला शॉकअप अंगणातल्या चिऱ्यावर उभा केला आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. नळी एकीकडे, दांडी एकीकडे. आतलं तेल सगळं घाटात सांडून आलं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते त्या नळीलाच विचारत होते, "का रं बाबा, तुला काय कमी केलं हुतं मी?"

वर्षभरातली ही तिसरी जोडी होती. आबांनी चहा घेतला, बशीत ओतला आणि प्यायचा विसरून पुन्हा नळीकडे बघू लागले.

आबा म्हणजे माझे सासरे, ज्ञानदेव शेवाळे. मूळचे पाटणकडचे. धरणाच्या कामावर ड्रायव्हर म्हणून कोकणात उतरले आणि काम संपलं तरी परत गेले नाहीत. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीजवळ घर बांधलं, मिल्टरीच्या लिलावातून एक जुना ट्रक आणला, त्याच्या मागे लोखंडी दांड्याची क्रेन चढवली आणि घाटात बंद पडलेल्या गाड्या टोचन करून वर नाहीतर खाली पोचवायचा धंदा मांडला. मागे एखादी गाडी लटकली की ट्रक तोंड वर करून डुलत चालायचा, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं सांडणी. आबांनाही ते आवडलं असावं, कारण पुढे पेंटर बोलावून त्यांनी तेच नाव बोनेटवर लाल रंगात लिहून घेतलं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मला सांडणी चालवायची होती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

माहेरी कराडला मी ट्रॅक्टर चालवायची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा आबांनी पहिल्या आठवड्यात विचारलं, वैजू, तुला गाडी मागं घ्यायला येती का. मी घेतली. मग त्यांनी हौसेनं मला मोठ्या गाडीचं लायसन्स काढून दिलं, चिपळूणला चार खेपा घालून. लायसन्स आल्या दिवशी पेढे वाटले आणि ते देवघरात तसबिरीच्या मागे ठेवून दिलं. पुढची दीड वर्षं ते तिथंच होतं. मी सांडणी धुवायला विहिरीपाशी न्यायची, तिथून वळवून अंगणात आणायची, आणि माझा प्रवास संपायचा. शेजारच्या बायका मला अंगणातली ड्रायव्हर म्हणायच्या. मी हसायची आणि मनातून जळायची.

आबांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, हणमंतमास्तर. शाळेत तीस पोरांना एका नजरेत गप्प करणारा माणूस, पण घाटातलं दुसरं वळण आलं की त्याचा चेहरा भेंडीसारखा हिरवा व्हायचा. घाटात गाड्या ओढून ज्यांचा संसार उभा राहिला त्यांच्या एकुलत्या एक मुलाला गाडी लागते, यावर सगळ्या पोफळीनं हसून घेतलं होतं. सासुरवाडीला जायचं तर तो आदल्या दिवसापासून उपास करायचा आणि दोन्ही खिशांत लिंबं ठेवायचा.

तेव्हा आबांच्या मागे मास्तर गाडी चालवील, हा प्रश्नच नव्हता. त्यांचा उजवा गुडघा गेला होता, वय बासष्ट झालं होतं आणि आता सांडणीनंही शॉकअप फेकायला सुरुवात केली होती. कराडचा एक माणूस शनिवारी गाडी बघायला येणार, असं त्यांनी रविवारी जेवताना सांगून टाकलं होतं. तोवर गाडीची डागडुजी करून घ्यायची आणि बरं गिऱ्हाईक असेल तर गाडी देऊन टाकायची. मास्तर म्हणाला, आबा, वैजू आहे की. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीला मीठ कमी आहे म्हणाले. आमटीला मीठ बरोबर होतं. मी उठून मागच्या दारी गेले आणि पाटावरवंटा घासत बसले, डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवं म्हणून.

तर त्या सोमवारी सकाळी ही तिसरी जोडी तुटली. आदल्या फेरीत आबांनी चिऱ्यांनी भरलेला एक टेम्पो घाटातून ओढून आणला होता आणि तो मालकाची वाट बघत आमच्या अंगणात उभा होता. आबांचं म्हणणं असं की पुढचं तोंड उडतं, म्हणजे शॉकअप कमी पडतात, म्हणजे आणखी कडक पाहिजेत. पहिली जोडी कडक आणली, दुसरी तिच्याहून कडक, तिसरी इतकी कडक की रिकाम्या गाडीत बसलं तरी दात वाजायचे. आणि तीही गेली.

मी ती दांडी उचलून बघितली. टोकाला तिची खीळ ओरबाडून निघाली होती. मी तेव्हा गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, आणि ते टोक बघून माझ्या मनात पहिलं आलं ते असं की हे दाबून मोडलेलं नाही, हे ओढून उसवलंय.

आमच्या कराडच्या शिवणक्लासच्या बाई एक गोष्ट पट्टी हातात घेऊन शिकवायच्या. बाईचं माप घेताना तिला हात वर करायला लावायचा. हात खाली सोडून माप घेतलं तर ब्लाउज आरशासमोर झकास दिसतो, आणि घरी जाऊन ती फळीवरचा डबा काढायला गेली की काखेत उसवतो. मग ती परत येते आणि म्हणते, कापड कच्चं होतं.

आबा कापड बदलत होते. तीन वेळा त्यांनी कापड बदललं होतं.

"आबा," मी म्हणाले, "ह्याचं माप तुम्ही कसं घेतलं?"

"माप कसलं घ्यायचं? जुना हुता तेवढा."

"आणि जुन्याचं?"

"गाडी आली तवापासनं तेवढाच हाय. सतरा वर्षं टिकलं की तसलं शॉकअप."

सतरा वर्षं टिकले आणि गेल्या दसऱ्यापासून टिकेनात. दसऱ्याला काय झालं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. लांब बस उचलता यावी म्हणून आबांनी क्रेनचा दांडा अडीच फूट वाढवून घेतला होता. तो दांडा त्यांचा लाडका. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायचे, त्याला नारळ फोडला होता. दांडा वाढला, ओझं मागे लांब गेलं, तोंड आधीपेक्षा जास्त वर उचलायला लागलं. पण त्या दांड्याचा दोष आहे असं सासऱ्याच्या तोंडावर कोण बोलणार? मी आत गेले, शिवणाची टेप घेऊन आले आणि दांड्याचं नावच काढलं नाही.

म्हटलं, आबा, सांडणीला जरा हात वर करायला लावू या.

त्यांना काही कळलं नाही. मी ब्लाउजच्या काखेची गोष्ट सांगितली. आबांनी बशीतला गार चहा एका घोटात संपवला, उठले आणि क्रेनची साखळी सोडली. चिऱ्यांचा टेम्पो अंगणात होताच. त्याचं पुढचं तोंड हातभर उचललं, तशी सांडणीनं कुरकुर करत मान वर केली. मी पुढच्या चाकाशेजारी मातीत बसले आणि शॉकअपच्या वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत टेप धरली. मास्तर शाळेला निघाला होता, तो पाठीवरची पिशवी तशीच ठेवून वहीत आकडे लिहायला उभा राहिला.

रिकाम्या गाडीत साडेपंधरा इंच. ओझं लटकल्यावर पावणेवीस. आणि आबा जो शॉकअप आणत होते तो पूर्ण ताणला तर एकोणीस.

मास्तरनं वजाबाकी मोठ्यानं वाचली. उभ्या जागी पाऊण इंच तोकडा, मग खड्ड्यातून जाताना काय होत असेल. आबा खाली वाकले, स्वतः टेप लावून बघितली, मग दुसऱ्या चाकाला लावून बघितली. मग उभे राहून त्यांनी दांड्याकडे एकदा नजर टाकली. मी घाईघाईनं टेप गुंडाळायला घेतली.

"म्हंजी ह्यो दांडा वाढला आन् अंगरखा जुनाच ऱ्हायला," ते म्हणाले. आणि हसायला लागले. इतके हसले की गुडघा धरून त्यांना टेम्पोच्या फाळक्याला टेकावं लागलं. "सतरा वर्षं गाडी हाकतूय मी, आन् माप घेतलं टेलरनं."

त्या दिवशी गावभर त्यांनीच सांगितलं. मी पाणी भरायला गेले तर नळावर बायका मला सांडणीच्या झंपराचं काय झालं विचारत होत्या.

मंगळवारी आम्ही चिपळूणला निघालो. सांडणी पायाविना पडलेली, म्हणून एसटीनं. आबांबरोबर एसटीतून जाणं हा वेगळाच प्रकार होता. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत त्यांना स्वस्थ बसता येत नसे. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर ब्रेक दाबायचा. डोळा लागण्याचं तर नावच नको. सासूबाई असताना ते दोघं रातराणीनं तुळजापूरला गेले होते, तेव्हा बाकी सगळी गाडी घोरत होती आणि हे पहाटेपर्यंत ताठ बसून ड्रायव्हरला आरशातून राखत होते, असं सासूबाई नेहमी सांगायच्या. त्या दिवशीही पोफळीपासून चिपळूणपर्यंत त्यांनी पाचपन्नास ब्रेक मारले. उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, क्लच जरा लवकर सोडतुयास.

परकारशेठांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात आबांची बसायची जागा ठरलेली होती. शेठ म्हणजे अझीम परकार, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि दुकानात कुठल्या खोक्यात काय आहे ते न बघता सांगणारा माणूस. मी मास्तरच्या वहीतला कागद पुढे केला. ताणल्यावर निदान बावीस इंच, दाबल्यावर चौदाच्या आत, वरखाली डोळा, म्हणजे खुंटीवर बसायची कडी, असलेला. शेठनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे बघितलं आणि आत जाऊन दोन जोड्या घेऊन आले. मापाला दोन्ही बरोबर बसत होत्या. एक कडक होती, एक नरम.

आता शॉकअप निवडायची आबांची एक रीत होती, आणि ती सगळ्या चिपळूणला माहीत होती. गोणपाटावर शॉकअप उभा करायचा आणि वरून एका तळव्यानं दाबायचा. सहज खाली गेला तर बाजूला सारायचा. माझ्या हाताला वाकतो तो रस्त्याला काय पुरणार, असं म्हणायचे. घाम फुटेपर्यंत दाबून जो जेमतेम हलेल तोच घरी यायचा.

शेठनी गोणपाट अंथरलं. आबा स्टुलावर बसून राहिले.

"वैजू, तू दाबून बघ," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांचा गुडघा दुखतोय. मी पदर खोचला आणि कडक शॉकअपवर दोन्ही हात ठेवले. तो हलेना. अंगाचा सगळा भार टाकला, टाचा वर झाल्या, चपला सुटल्या, तरी अर्धा इंच जेमतेम. दुकानातली दोन माणसं तोंड फिरवून हसली. आबा हसले नाहीत. दुसरा दाब म्हणाले. दुसरा हळूहळू, कुठेही न अडखळता खाली गेला. मग त्यांनी खालच्या डोळ्यात पाना घालून, त्यावर पाय देऊन वर ओढायला सांगितलं. तिथं मात्र तो चिवट निघाला. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा इंच इंच करत वर आला.

"हाताला काय लागलं?"

"खाली मुकाट्यानं जातो," मी म्हणाले. "वर यायला कुरकुरतो."

"मग ह्योच."

परकारशेठनी चष्मा कपाळावर घेतला. "आबा, सतरा वर्षं माझं डोकं खाल्लंत कडक दे, कडक दे म्हणून. आता हा नरम न्यायचा?"

"न्यायचा," आबा म्हणाले, आणि चहा मागवा म्हणाले.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. शॉकअप बरोबर होता, ते मला कळत होतं. ओझं लागल्यावर तोंड वर जातं, तेव्हा शॉकअप दाबला जात नाही, ताणला जातो, म्हणून वर जाताना आवरणारा पाहिजे. पण आबांनी नरम का घेतला याचा मला वेगळाच संशय आला. शनिवारी कराडचा माणूस येणार. गाडीत बसून एक चक्कर मारणार. त्याच्या बुडाला बरं वाटावं म्हणून ही नरमाई. मी माप घेतलं, मी दाबून बघितलं, आणि सगळं त्याच्यासाठी. मला सांडणीचा राग आला, आबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला. शेजारी आबा पत्र्यावर ब्रेक दाबत होते.

बुधवारी आम्ही शॉकअप बसवले. आबा गाडीखाली, मी पाने देतेय. गुरुवारी त्यांनी सगळ्या साखळ्यांना ग्रीस केलं, काचा मला पुसायला लावल्या आणि ड्रायव्हरची सीट उगीचच दोन बोटं पुढे ओढून पुन्हा आवळली. मी विचारलं, तर गुडघा ताणतो म्हणाले. गिऱ्हाईकासमोर नवरी सजवायची चालली आहे असं मला वाटलं. मास्तरला मी तसं म्हणालेही. तो गृहपाठाच्या वह्या तपासत होता. म्हणाला, आबांचं काही सांगता येत नाही, आणि मान वर न करता हसला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला एक मोटरसायकलवाला अंगणात आला. घाटात तिसऱ्या वळणावर बँडवाल्यांची मिनीबस बंद पडली होती. वरच्या अंगाला एका वाडीत लग्न, मुहूर्त साडेबाराचा, आणि वाजंत्री घाटात अडकलेली.

"चल," आबा मला म्हणाले. "दगड लावायला कुणीतरी पायजे."

मी चाकामागे लावायचा दगड घेतला आणि क्लीनरच्या बाजूला चढले. ते काम मी नेहमीच करायची.

तिसऱ्या वळणावर बघावं तर कठड्यावर ओळीनं चौदा माणसं बसलेली, लाल कोट, सोनेरी झालरी, मांडीवर पिपाण्या. ऊन चढत होतं आणि त्यांचे चेहरे कोटासारखे होत चालले होते. त्यांचा म्होरक्या दौलतराव, क्लॅरिनेटवाला. तो घड्याळ दाखवत धावत आला. सांगत होता की नवरदेवाचा मामा तापट आहे, बँड नाही आला तर मिरवणुकीत आम्हालाच नाचवील. आबा म्हणाले, येतूय की, आणि सावकाश मिनीबसभोवती एक फेरी मारली. साखळी लावली, दांडा फिरवला, बसचं तोंड उचललं. सांडणीनं मान वर केली. आबांनी पुढे येऊन शॉकअपकडे वाकून बघितलं. अजून दोन-अडीच इंच दांडी शिल्लक होती.

"काख सैल हाय," ते म्हणाले.

बँडवाले बसमध्ये चढले. मी चाकामागचा दगड धरून उभी राहिले, आबा चढले की काढायचा म्हणून. आबा चालत गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं.

"आबा, तुमचं दार इकडं आहे."

"दार मला ठावं हाय. त्या दौलतरावाला दगड काढाय सांग, आन् बस तिकडं. साडेबाराचं लगीन हाय."

मी तशीच उभी. त्यांनी गुडघ्याला हात देत वर चढून दार ओढून घेतलं आणि समोर बघत बसले. मी दौलतरावाला हाक मारून दगडापाशी उभं केलं. मी पदर खोचला, चढले, बसले. सीट माझ्या पायांना बरोबर आली होती. क्लचवर पाय पूर्ण टेकत होता.

पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला, आबांच्याच शब्दांत, लोणी काढल्यासारखा. सांडणीनं ओढ घेतली. चढ लागला तसं तोंड वर आलं आणि स्टेअरिंग हातात हलकं झालं. याचीच मला भीती होती. आबांबरोबर शेजारी बसून मी हजार वेळा बघितलं होतं, इथून पुढे ते तोंड धपकन् आपटतं, परत उडतं, परत आपटतं, आणि आबांचे दंड फुगतात. मी दात आवळले. समोर खड्डा आला. चाक आत गेलं, वर आलं. तोंड वर गेलं, एकदा खाली आलं, आणि तिथंच राहिलं. मी पुढच्या उडीची वाट बघत होते, आणि ती आलीच नाही. स्टेअरिंग माझ्या दोन हातांत शांत होतं.

मला हसू आलं. ते आवरेना. अवघड वळण आलं, मी रुंद घेतलं, आरशात बसचं बूड बघितलं, कठड्यापासून हातभर राखून काढलं. शेजारी आबा समोरचा रस्ता बघत होते. त्यांचा उजवा पाय मात्र पत्र्यावर ब्रेक दाबत होता, सवयीनं.

मागे बसमध्ये सगळे इतका वेळ जीव मुठीत धरून बसले असावेत. चौथ्या वळणानंतर ढोलावर एक थाप पडली. मग दुसरी. मग क्लॅरिनेटनं गळा साफ केला आणि तोंड आकाशाकडे केलेल्या त्या मिनीबसमधून सगळा बँड एकदम सुरू झाला, मिरवणुकीची झकास चाल. घाट दणाणून गेला. वरून उतरणाऱ्या एसटीनं वेग कमी केला, खिडक्याखिडक्यांतून माणसं बाहेर आली. ड्रायव्हर आबांना ओळखायचा. त्यानं हात वर केला, मग कोण चालवतंय ते बघितलं आणि हात तसाच वर राहिला.

एका खड्ड्यात ढोलाचा ठेका जरा हुकला.

"ताल त्यांचा चुकला," आबा म्हणाले. "आपला न्हाय."

वर पोचलो तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. दौलतराव म्हणाला, आता आलोच आहोत तर मांडवापर्यंत सोडा. मी आबांकडे बघितलं, तर ते बाहेर बघत होते. गाडी ज्याच्या हातात, त्यानंच ठरवायचं, हे मला तेव्हा उमगलं. मी गिअर टाकला.

मांडवातली माणसं बँडचा आवाज ऐकून रस्त्यावर आली होती. त्यांनी काय बघितलं असेल ते आता आठवलं तरी मला हसू येतं. तोंड वर केलेला मिल्टरीचा ट्रक, मागे लटकलेली बस, बसमध्ये चौदा लाल कोट बेंबीच्या देठापासून वाजवतायत, आणि स्टेअरिंगवर डोक्याला रुमाल बांधलेली, साध्या गोल साडीतली एक बाई. तापट मामा पहिला पुढे आला आणि रस्त्यातच नाचायला लागला. मागून सगळी वरात.

नवरीच्या आईनं मला गाडीतून उतरू दिलं नाही. आधी तिनं सांडणीच्या बोनेटला हळदकुंकू लावलं, मग वर चढून मला. ओटीत नारळ आणि हिरवा खण घातला. मग आबांना विचारलं, ही ड्रायव्हर कोण म्हणायची.

"माझी सून," आबा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी क्लीनर."

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मांडवाच्या कडेला, आंब्याच्या सावलीत पंगत बसली. माझा खण मांडीवर, आणि पोटात मात्र शनिवार. शेवटी जिलबीचा तुकडा हातात घेऊन मी विचारून टाकलं, उद्या कराडचा माणूस किती वाजता येणार.

"कोण कराडचा?" आबा म्हणाले. "त्याला सोमवारीच पत्र टाकलं, गाडी इकायची न्हाय म्हणून. तू टेप घिऊन मातीत बसलीस, तवाच. मास्तरला ठावं हाय, त्यानंच लिवलं."

मला वह्या तपासत हसणारा मास्तर आठवला.

"मग शॉकअप नरम का घेतले?"

आबांनी ताकाची वाटी खाली ठेवली. माझ्या मनगटाकडे बघितलं, हिरव्या बांगड्या भरलेल्या.

"माझ्या हातानं चालवायची असती तर कडकच घेतलं असतं. आता माझ्या हातानं न्हाय चालवायची. तुझ्या हाताला कळंल असा पायजे हुता, म्हून तुला दाबाय लावला." मग ते जरा थांबले. "दीड वर्ष लायसन देवामागं ठिवलं म्या. भीती तुझी न्हवती, पोरी. भीती ह्या गाडीच्या उडीची हुती. ती तूच काढलीस."

मी नुसतीच जिलबी खात राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. वाढपी येऊन म्हणाला, ताई, ठेचा लागला काय. आबा म्हणाले, व्हय, लई तिखट हाय.

मिनीबसच्या दुरुस्तीला वरचा मिस्त्री आला होता, म्हणून उतरताना सांडणी रिकामी होती. आबा आपणहून डावीकडे चढले. पहिल्या दोन वळणांना त्यांचा पाय पत्र्यावर दाबला गेल्याचा आवाज मी ऐकला. तिसऱ्याला वाटलं, आवाज आला नाही. पाचव्या वळणानंतर मी त्यांना काहीतरी विचारलं, बहुधा लायसन्स देवघरातून काढून कुठं ठेवू असं. उत्तर आलं नाही. मी वळून बघितलं.

आबांची मान खिडकीच्या कडेला टेकली होती. टोपी नाकावर आली होती, तोंड जरासं उघडं होतं, आणि उजवा पाय सैल पडला होता.

सबंध घाट मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. पायथ्याशी पोफळीचा गतिरोधक आला. तिथं आजवर सांडणीनं कुणाला उडवल्याशिवाय सोडलं नव्हतं. मी गाडी अगदी हळू घेतली. पुढची चाकं चढली, मुकाट्यानं उतरली. मागची चढली, उतरली.

आबा घोरत होते.